शिकाऊ की कामगार, एकदाचं ठरवा

दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. आपल्याकडचं करिअर मार्गदर्शन बहुतेक वेळा इथेच संपतं. आयटीआयचं नाव निघतं ते आवाज उतरवून: “मार्क कमी पडले, आता आयटीआयला टाकू.” मुलगा कॉलेजला ‘जातो’, आयटीआयला त्याला ‘टाकतात’.

मी भोसरीत राहतो. फिटर ट्रेड केलाय आणि चाकणच्या एका कंपनीत वर्षभर ॲप्रेंटिस होतो. शिक्षणावर आपण तावातावाने भांडतो. माध्यम मराठी की इंग्रजी? प्रवेश बारावीच्या मार्कांवर की सीईटीवर? या भांडणांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येऊन कॉट बेसिसवर राहणारा, मेसचा डबा खाऊन नाइट शिफ्टच्या बसमध्ये चढणारा मुलगा कुठेच नसतो. तोही विद्यार्थीच आहे. निदान कायदा तरी तसं म्हणतो.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेसारख्या काही तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआयवाल्यासाठी ते महिना किमान ७,००० रुपये ठरलं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला शिकाऊ घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के.

यात तत्त्वाची चूक नाही. शिकणाऱ्याला पूर्ण पगार कशाला, हे मलाही पटतं. पण मग शिकवा.

मी वर्षभर एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळले. ते काम शिकायला अर्धा दिवस लागला. उरलेलं वर्ष मी काय शिकत होतो? शेजारचा पर्मनंट माणूस तेच बोल्ट आवळायचा. तो कामगार, मी विद्यार्थी.

आता सरकारचंच दुसरं गणित बघा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १,२०० तासांचं शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. वर्गातला अभ्यास आणि कौशल्य प्रशिक्षण, दोन्ही त्यात मोजायचं ठरलंय. आठ तासांची शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १,२०० तास २५ आठवड्यांत भरतात. या हिशोबाने चाकणमध्ये वर्ष काढलेल्या मुलाची कॉलेजची दोन वर्षं वाचायला हवीत.

कॉलेज म्हणेल, नुसते तास भरून शिक्षण होत नाही, मूल्यमापन लागतं. अगदी बरोबर. बोल्ट आवळण्याला डिग्री देऊ नका. पण मग तेच तास विद्यावेतन ठरवताना ‘शिक्षण’ कसे होतात? कॉलेजच्या दारात ते काम असतं आणि पगाराच्या तारखेला शिक्षण. दोन्हीकडे तोटा मुलाचाच.

पुढे जायला जिना नाही असं नाही. आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण त्यासाठी दिवसा वर्गात बसावं लागतं, आणि घरी पैसे पाठवायचे तर शिफ्ट सोडता येत नाही.

कंपन्या म्हणतात, आम्ही घेतलं नाही तर या पोरांना अनुभव कोण देणार? अनुभव द्याच. चाकणला जर्मन गाड्या बनतात, त्याच जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. शेवटी परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग मंडळ घेतं. गाडी आणता येते, तर पद्धतही आणता येईल. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शाळेत ‘कार्यानुभव’ हवा म्हणून सांगितलं होतं. आपण त्याचा कागदी फुलांचा तास केला.

उलट एआयसीटीईने २०१३ मध्ये ‘नीम’ योजना आणली. एजंटने मुलं नोंदवायची, कंपनीत धाडायची, आणि तीन वर्षांपर्यंत त्यांना ‘ट्रेनी’ म्हणायचं. २०२२ च्या अखेरीस ती बंद झाली. सवय मात्र राहिली.

मागणी साधी आहे. शिकाऊ असेल तर ठरलेल्या मुदतीत स्टेशन बदला, आठवड्यातून एक दिवस वर्ग घ्या, परीक्षा बाहेरच्याने घ्यावी, आणि क्रेडिट डिप्लोमाला धरा. हे जमत नसेल तर तो कामगार आहे. त्याला कामगाराचा पगार आणि पीएफ द्या.

तुमच्या हातात ‘ट्रेनी’ लिहिलेलं पत्र आलं तर तीन प्रश्न विचारा: काय शिकवणार, कोण शिकवणार, परीक्षा कोण घेणार? एकट्याने विचारलंत तर “उद्यापासून येऊ नको” एवढंच उत्तर मिळेल. म्हणून अख्ख्या बॅचने विचारा.