आंतरवासीय दवाखान्यात येतात तेव्हा

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यास एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. रुग्णालयातील काम आटोपल्यावर काही आंतरवासीय सायंकाळी आपल्यासारख्यांच्या दवाखान्यांतही अनुभवासाठी येतात. त्यांना आपण काय देतो?

राजापेठेतील आमच्या दवाखान्यात गेल्या हिवाळ्यात एका शेतकरी बाईंना काढा लिहून दिला व तो समजावून सांगण्याचे काम आंतरवासीय विद्यार्थिनीकडे सोपविले. सोळा पट पाणी, अष्टमांश शेष, असे तिने शास्त्रशुद्ध सांगितले. बाई म्हणाल्या, "पोरी, मले सकाळी वावरात जा लागते. थो काढा कितीक येळ उकळू?" विद्यार्थिनी निरुत्तर झाली. अखेर शेजारच्या औषधी दुकानदारांनी सांगितले, "एक पुडी दोन पेले पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी चहाआधी उकळायला ठेवा, पाव पेला उरला की उतरवा." प्रमाण तेच, अष्टमांशच, पण आता ते बाईंच्या घरी पोहोचले.

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेदनकर्माचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावयास सांगितला आहे. ग्रंथ मुखोद्गत असला तरी हाताला सवय हवी, हे त्यांनी जाणले होते. औषधी दुकानदार बंधूंचे महत्त्व याच ठिकाणी आहे. द्रव्यगुणात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही अशोकाची साल म्हणून आसोपालवाची साल हाती दिल्यास फसू शकतो. दोन्ही साली समोरासमोर ठेवून दाखविण्यास दुकानदाराची दहा मिनिटे जातात. (आमचीही एकदा अशीच फसगत झाली होती; पदवी मिळून तेव्हा सहा वर्षे लोटली होती!)

मात्र दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. आम्ही स्वतः कित्येक आंतरवासीयांकडून महिनोन्‌महिने केवळ पुड्या बांधून घेतल्या, नाडीला हात लावू दिला नाही आणि शेवटी अनुभवाच्या दाखल्यावर निःसंकोच सही केली. काही व्यावसायिक तर न आलेल्यांनाही असा दाखला देतात. अशा दाखल्यावर विसंबून उद्या रुग्ण त्या वैद्याच्या हाती स्वतःला सोपविणार आहे.

आमची सूचना साधी आहे. आंतरवासीयाने दररोज निदान एका रुग्णाचा इतिहास स्वतः लिहावा आणि वैद्याने तो त्याच सायंकाळी तपासावा. आठवड्यातून एक सायंकाळ त्याने औषधी दुकानात काढावी. जाण्यायेण्याचा खर्च आपण द्यावा. ज्या सभासदांची तयारी असेल त्यांनी पुढील त्रैमासिक सभेपूर्वी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे; आमचे नाव आम्ही दिले आहे.