सुटे वचन, सबंध पुस्तक

बायबल वर्षभरात वाचून पूर्ण करण्याची एक रीत सर्वपरिचित आहे. एकूण अध्याय १,१८९. म्हणजे रोजचे तीन-चार. आम्हीही एकदा असे वेळापत्रक वहीत चिकटवले होते. उत्पत्ती आणि निर्गम ही पुस्तके उत्साहात पार पडली. पुढे लेवीयातील होमार्पणे व शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू झाले आणि फेब्रुवारीतच थकबाकी साचू लागली. रकान्यांत खुणा होत होत्या, पण काल काय वाचले हे सांगता येत नव्हते. (पारायणाला आमचा विरोध नाही. तेथे निदान ओवीची लय कानात राहते; मनातल्या मनात, घाईने वाचलेल्या गद्याचे तेवढेही राहत नाही.)

दुसरी रीत याच्या उलट टोकाची, आणि आमच्या मते अधिक घातक: रोज एक वचन. पूर्वी ते दिनदर्शिकेवर असे, आता सकाळी मोबाइलवर येते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन यांत बहुधा सर्वांत लाडके. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. आमच्या घरी एक अकाली मृत्यू झाला त्या आठवड्यात हेच वचन तिघांनी आम्हांस पाठवले. पाठवणाऱ्यांचे प्रेम खरे होते. आम्हांस मात्र ते वाचून संताप आला.

कित्येक महिन्यांनी तो अध्याय आरंभापासून वाचला, तेव्हा ते एक पत्र आहे हे ध्यानात आले. यरुशलेमेहून बाबेलास पाडाव करून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने धाडलेले पत्र. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेऊन टाकले आहे त्या नगराचेही हित चिंता, असे ते सांगते. आणि त्या प्रसिद्ध वचनाच्या लगेच आधी सत्तर वर्षांची मुदत आहे! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याही आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सारे पूर्ववत होईल असे लोकांना सांगतो, आणि तो खोटा ठरतो. घाईच्या दिलाशाविरुद्ध लिहिलेल्या मजकुरातून एक ओळ कापून आपण तिचाच घाईचा दिलासा करतो.

ईयोबाचे पुस्तक याहून अवघड. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, असे आठव्या अध्यायात एक सुंदर आश्वासन आहे. नव्या दुकानाच्या भिंतीवर शोभावे असे. पण ते बोलतो बिल्दद, आणि मुले नुकतीच गमावलेल्या बापाला त्यांच्याच पापाचे फळ त्यांना मिळाले, असे सुचवल्यानंतर बोलतो. शेवटच्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो: तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. नाटकातील एखादे वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी आहे हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, असे आपण वर्गात बजावतो. घरी बायबल उघडल्यावर ही शिस्त का सुटावी?

म्हणून आमचे मत असे की खासगी वाचनाचे एकक वचन नसून पुस्तक असावे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या कराराच्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ साली घातले. संदर्भ शोधण्यास ती सोय उत्तम, पण ती लेखकांची नव्हे. रूथ आणि योना ही प्रत्येकी चार अध्यायांची पुस्तके एका बैठकीत होतात. मार्कचे शुभवर्तमान दीड-दोन तासांत. मग तेच पुस्तक महिनाभर पुनःपुन्हा वाचावे, शक्य तर दोन अनुवादांत. केडगावी पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून वर्षानुवर्षे मराठी अनुवाद करीत राहिल्या. १९२२ साली त्या वारल्या, आणि अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’शेजारी तो ठेवला की एकाच वाक्याच्या दोन घडणी दिसतात, आणि जेथे त्या जुळत नाहीत तेथे वाचक आपसूक थांबतो. त्या थांबण्याला आम्ही वाचन म्हणतो.

हे साहित्याचे वाचन झाले, भक्तीचे नव्हे, असा आक्षेप श्रद्धावंत मित्र घेतात. त्यांना आम्ही अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दाखवतो. विलापस्तोत्रे सहसा शेवटी आशेकडे वळतात; हे वळत नाही, अंधारातच संपते. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली त्यांनी ते गाळले नाही, की त्याला गोड शेवटही जोडला नाही. त्यांच्या भक्तीत त्याला जागा होती.

ते स्तोत्र आम्हांस त्या आठवड्यात कोणी पाठवले नव्हते. आता दरवर्षी त्या दिवशी घरात आम्ही ते मोठ्याने वाचतो. दोन-तीन मिनिटे लागतात. नंतर थोडा वेळ कोणी बोलत नाही.