उत्क्रांतीचे खाते अजून चालू आहे

‘उत्क्रांती’ हा शब्द दिसायला भारदस्त आहे, पण त्याने आपली एक मोठी दिशाभूल करून ठेवली आहे. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रांती’ म्हणजे पाऊल टाकणे. शब्दातच शिडी आली. शिडी म्हटली की खालची पायरी आली, वरची आली आणि सर्वांत वरच्या पायरीवर अर्थातच आपण! ते सुप्रसिद्ध चित्र आठवा : वाकलेले माकड, मग अर्धवट उभा राहिलेला प्राणी आणि शेवटी ताठ मानेचा माणूस. माणसाच्या पुढे काहीच नाही; पान संपते.

गंमत अशी की, आपल्या धर्मशास्त्रात याच शब्दाचा अर्थ प्राणाने शरीर सोडून जाणे असा आहे. मरणासन्न माणसाच्या हातून जी गाय दान करवत, तिला ‘उत्क्रांतिधेनु’ म्हणत. मला हा जुना अर्थ विज्ञानाच्या अधिक जवळचा वाटतो. कारण उत्क्रांतीचा सगळा व्यवहार कोण गेले आणि कोण मागे लेकरे ठेवून गेले, एवढ्यावरच चालतो. त्यात वर आणि खाली असे काही नसते.

माणसाची उत्क्रांती आता थांबली का, हा प्रश्न व्याख्यानमालांतून आणि सकाळच्या फिरण्यातल्या गप्पांतून वारंवार निघतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : औषधे आली, शस्त्रक्रिया आल्या, आता दुबळाही जगतो, तेव्हा निसर्गाची निवड संपली. या उत्तराला एक शेपूटही असते. ते दबक्या आवाजात येते : ‘आणि म्हणूनच माणसाची जात बिघडत चालली आहे.’ यातले पहिले विधान चूक आहे. दुसरे चूक तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. तीसेक वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण चक्रवाढ व्याज मला कळते, आणि नैसर्गिक निवड समजायला तेवढे पुरेसे आहे. समजा, एखादा जनुकीय बदल शंभरातल्या एकाजवळ आहे आणि त्याला दर पिढीला इतरांवर पाच टक्क्यांची आघाडी मिळते. सोपा हिशेब मांडला तर शंभरात एकापासून शंभरात नव्याण्णवपर्यंत पोचायला त्याला सुमारे १९० पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर पावणेपाच हजार वर्षे झाली. आपल्याला हा काळ प्रचंड वाटतो; पृथ्वीच्या वहीत ती एक ओळही नाही.

दुधाचे उदाहरण घ्या. सस्तन प्राण्याचे पिल्लू मोठे झाले की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती ओसरते. जगातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांचेही आजवर तेच होते. पण माणसाने गाई-म्हशी पाळल्या आणि काही हजार वर्षांत, मोठेपणीही दूध पचवू देणारा बदल काही समाजांत पसरला. युरोपीय माणसात डीएनएच्या ज्या एका अक्षराचा हा बदल आहे, नेमका तोच भारतीयांतही आहे, आणि वायव्येकडे त्याचे प्रमाण जास्त आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ज्यांच्याजवळ तो नाही, त्यांनी दुधाला विरजण लावले. साखर खाण्याचे काम जिवाणूंवर सोपवले आणि स्वतः दही-ताक घेतले. म्हणजे शरीरही बदलले आणि स्वयंपाकघरही. माणसाच्या बाबतीत ही दोन्ही खाती एकमेकांत मिसळलेली असतात.

आता औषधांचा मुद्दा. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. निसर्ग ज्या दारातून निवड करीत असे, त्यातले एक दार बरेचसे बंद झाले, हे मान्य. पण दुसरे दार जन्माचे आहे. कुणाला किती मुले होतात, कोणत्या वयात होतात, कुणाला होतच नाहीत, हा फरक आहे तोवर निवडही आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तपासणी चालू आहे. मूळ हेतू हृदयरोगाचा. तिथल्या स्त्रियांच्या नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, पुढच्या पिढ्यांत पहिले मूल थोडे लवकर आणि रजोनिवृत्ती थोडी उशिरा अशी हलकीशी ओढ निवडीला आहे. अत्यंत सुखवस्तू, दवाखाने हाताशी असलेल्या समाजातही खाते बंद नाही. आमच्यासारख्या, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्यांचा मात्र त्या खात्याशी फारसा संबंध उरलेला नाही. आम्ही आमचे हप्ते केव्हाच भरले.

हे सगळे एखाद्या दूरच्या गावात नव्हे, तर आपल्या महाराष्ट्रातच पाहायचे असेल, तर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा नंदुरबारला जावे. तिथे सिकलसेल आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात फक्त एका अक्षराचा बदल होतो. आई-बाप दोघांकडूनही तो आला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे ठणकतात, रक्त कमी होते, कोवळ्या वयात मरण येते. पण एकाकडूनच आला, तर माणूस धडधाकट असतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला चांगले संरक्षण मिळते. रक्तातल्या अशा दोषांमागे मलेरिया असावा, ही कल्पना चाळीसच्या दशकाच्या अखेरीस जे. बी. एस. हॉल्डेन यांनी मांडली. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत पूर्व आफ्रिकेतला पुरावा अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दिला. आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींत हा जनुक १९५२ मध्येच सापडला होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या एका शाखेत झाली होती. आमच्या शाखेतला शिपाई भिल्ल होता. त्याचा थोरला मुलगा शाळा सुटली की बँकेच्या पायरीवर येऊन बसे. डोळे पिवळसर, हातपाय काडीसारखे. थंडी पडली की सांधे धरून विव्हळायचा. भगत झाला, तालुक्याचा दवाखाना झाला, धुळे झाले. रोगाला नाव मिळाले, पण तोवर पोर चौदाव्या वर्षी गेले. धाकटा तसाच निघाला, तेव्हा बाप मला म्हणाला, “साहेब, आमच्यातच काही खोट आहे का?”

खोट हा शब्द आम्ही नाण्यासाठी वापरतो. आज त्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता येते. खोट नव्हे. ज्या रानात मलेरियाने पाळण्यातली पोरे उचलून नेली, त्या रानात याच नाण्याने त्याच्या पूर्वजांनी जगणे विकत घेतले. आपल्यापैकी कुणाच्याही पूर्वजांनी त्या रानात शेकडो पिढ्या काढल्या असत्या, तर आपल्याही खिशात तेच नाणे असते.

‘जात बिघडते’ म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचे आहे. या विचाराला इतिहास आहे. डार्विनच्याच नात्यातल्या फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये त्याला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. आपण सुप्रजननशास्त्र म्हणतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, जर्मनीने १९३३ मध्ये केला, आणि पुढे काय झाले ते सांगायला नको. त्याच्या थोडे आधी, विसाच्या दशकाच्या अखेरीस, आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दाखवता येईल, अशी गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे सरळ लिहून दिले. परदेशात, एकटीने, त्या काळात. ‘युगान्त’कर्त्या म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आपण हा प्रसंगही लक्षात ठेवला पाहिजे.

आता आजचा प्रश्न. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि सात कोटी लोकांची तपासणी, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड मिळते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ती आधी कळावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण निर्मूलन कशाचे, हे स्पष्ट हवे. आजाराचे, की जनुकाचे?

पुन्हा हिशेब करू. एखाद्या समाजात या जनुकाचे प्रमाण दहा टक्के असेल, तर साधारण साडेपाच माणसांमागे एक वाहक आणि शंभर बाळांमागे एक आजारी असते. मलेरिया हटला आणि उपचार काहीच नाहीत, सगळे निसर्गावर सोडले, असे धरू. तर हे प्रमाण निम्मे व्हायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षे लागतील. एवढी मंद वसुली, आणि तीही पोरांच्या प्राणांनी. उलट वाहकांनी आपसात लग्ने टाळली, तर आजार जवळजवळ जातो, पण जनुक मात्र जागच्या जागी राहतो. राहू दे. मलेरिया नसलेल्या गावात तो वाहकाला फारसा त्रास देत नाही. आपले भांडण आजाराशी आहे, रक्ताशी नाही.

म्हणून माझी भीती त्या कार्डाबद्दल आहे. मुलीकडे वाहकाचे कार्ड आहे एवढ्यावरून स्थळ मोडले गेले, नोकरीच्या जागी कुजबुज झाली, तर आपण निसर्गाचे वसुली कारकून झालो. ज्या समाजाला मंगळाची मुलगी चालत नाही, तो हे करणार नाही याची हमी कोण देणार? कार्डाबरोबर समजावून सांगणारा माणूस हवा, तोही त्यांच्याच बोलीत. आणि त्याहून आधी उपचार हवेत. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या फार महाग नाहीत. त्या आणि वेळेवर रक्त पाड्याजवळच्या दवाखान्यात मिळाले, तर आयुष्ये वाढतात. जनुकात काटछाट करण्याचा उपचारही निघाला आहे. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत माणशी सुमारे २२ लाख डॉलर. सातपुड्यातल्या पोराला तो कधी मिळेल कोण जाणे. गोळी मात्र उद्या सकाळी मिळू शकते.

माणूस बदलतो आहे आणि बदलत राहील. त्यासाठी त्याला कुणी मदत करण्याची गरज नाही आणि कुणी अडवूही शकत नाही. उत्क्रांतीला दया नाही, दुष्टावाही नाही. ती फक्त नोंद करते. आजारी पोराला जगवायचे की नाही, हा निर्णय तिच्या वहीत कधीच नव्हता. तो आपल्या वहीत आहे.