भागाकार कुणी करायचा?

रेवदंड्याच्या बाजारात पुन्हा एक ‘फुल बॉडी चेकअप’चा फलक लागलाय. सत्तरएक चाचण्या, त्यात लिव्हर म्हणे फुकट. या फलकांचा मला राग येतो, तो आवरतो. पण सोरायसिस या त्वचारोगावरच्या माझ्या लेखानंतर आलेल्या फोनांचं काय करू? सगळ्यांचं एकच पालुपद: ‘यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक.’

अजिबात नाही. सोरायसिस असलेल्यांत फॅटी लिव्हर इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. अंगावर चट्टे उठवणाऱ्या दाहाचं पोटावरच्या चरबीशी जुनं साटंलोटं आहे. आणि एसजीपीटी मर्यादेत असतानाही यकृत आतून निबर होत जाऊ शकतं.

सोरायसिसचे दोन रुग्ण घ्या. दोघांचं एसजीओटी (त्याच तपासणीतला दुसरा आकडा) 40, एसजीपीटी 36. एक 40 वर्षांचा, प्लेटलेट अडीच लाख. दुसरा 61 चा, प्लेटलेट दीड लाख. दोघांच्या रिपोर्टवर एकही लाल खूण नाही. आता वयाला एसजीओटीने गुणा. मग प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे 250 किंवा 150. त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने, इथे 6 ने, गुणा आणि त्या गुणाकाराने आधीच्या आकड्याला भागा. पहिल्याचं उत्तर 1.07, दुसऱ्याचं 2.71. हा फिब-4. 1.3 च्या खाली धोका सहसा कमी, 2.67 च्या वर यकृतात व्रण साचल्याची दाट शंका. पहिल्याने ठरावीक काळाने हाच हिशेब पुन्हा करावा, दुसऱ्याने तीन तास उपाशी राहून यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्यावा. पस्तिशीच्या आत हा आकडा फारसा भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा 2 धरतात. सत्तर चाचण्या विकणाऱ्यांना हा एक भागाकार मात्र जमत नाही!

एके काळी सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेटची गोळी घेणाऱ्यांना, ते औषध एकूण दीड ग्रॅम पोटात गेलं की यकृताची बायोप्सी सांगत. आठवड्याला 15 मिलिग्रॅम घेणाऱ्यावर ती वेळ 100 आठवड्यांत यायची. आळ कायम गोळीवर; पोटाचा घेर कुणी मोजायचं नाही. पुरुषांत 90 सेंटीमीटर, बायकांत 80, त्यापुढे सावध व्हायला हवं.

तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि लिव्हर टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालवू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना एकाच दिवशीचे सीबीसी (प्लेटलेटसाठी) आणि एलएफटी (एसजीओटी, एसजीपीटीसाठी) न्या आणि फिब-4 काढून मागा. त्याला वेगळं रक्त लागत नाही, वेगळे पैसेही नाहीत.