फुकटचे नाव आणि मुंडकाराचे घर

दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सवलती सुरू झाल्या की 'वर्षभराचे होस्टिंग घ्या, डोमेन नाव मोफत' अशा जाहिराती झळकू लागतात. आपली भजनी मंडळे, नाट्यमंडळे, वाचनालये यांचे उत्साही कार्यकर्ते लगेच भुलतात. फुकट ते पौष्टिक! माझे म्हणणे सरळ आहे: संस्थेने आपले नाव फुकट घेऊ नये.

का ते सांगतो. डोमेन नाव कायमचे विकत मिळतच नाही, ते मुदतीने नोंदवले जाते. .कॉम नावाची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे. विक्रेत्याला दरवर्षी वर पैसे भरावेच लागतात. तो पहिले वर्ष सोसतो आणि पुढे नूतनीकरणाच्या दरातून वसूल करतो. तोवर तुमचा पत्ता पत्रिकांवर, फलकांवर, स्मरणिकेत छापून झालेला असतो. मग तो मागेल ते द्यायचे, नाहीतर नाव दुसऱ्या विक्रेत्याकडे हलवण्याचा खटाटोप करायचा.

अगदी दमडी न घेणारेही होते. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ या चिमुकल्या प्रदेशाची .टीके नावे फ्रीनॉम कंपनी फुकट वाटायची. लाखोंनी घेतली. पण अटींनुसार मालकी कंपनीचीच, तुम्हाला फक्त वापराची मुभा. फसवेगिरी करणाऱ्यांनी तिथेच ठाण मांडले, फेसबुकवाल्या मेटाने दावा ठोकला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने धंद्यातून माघार जाहीर केली.

गोंयकाराला हे वेगळे समजावायला नको. भाटकाराच्या जमिनीत घर बांधणाऱ्या मुंडकाराला निदान १९७५ च्या कायद्याचे संरक्षण मिळाले. जालावरच्या मुंडकाराला कोणता कायदा?

'संस्थेकडे पैसा कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. अहो, साध्या .इन नावाचा वर्षाचा खर्च सहसा हजार रुपयांच्या आत असतो. एका सत्कारातल्या शाली-श्रीफळांवर याहून जास्त उडते! तेव्हा नाव स्वतंत्रपणे, पाच वर्षांसाठी घ्या. नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर करा, एखाद्या कार्यकर्त्याच्या पुतण्याच्या खात्यावर नको. होस्टिंग हवे तेव्हा बदलता येते.

गोव्यात मराठीच्या हक्कासाठी आपण तावातावाने भांडतो. त्याच मराठीचे लेख, अंक, छायाचित्रे मात्र दुसऱ्याच्या भाटात नेऊन ठेवतो. आधी आपल्या दारावरची पाटी तरी आपल्या पैशांची असू द्या.