खांदा तंजावूरचा, बंदूक लंडन-पॅरिसची

‘प्रॉक्सी वॉर’ हा शब्द हल्ली बातम्यांमध्ये सारखा कानावर पडतो. दोन बलाढ्य देश एकमेकांवर थेट गोळी झाडत नाहीत. तिसऱ्याच कुठल्यातरी देशात, तिथल्याच दोन गटांना शस्त्रं, पैसा आणि सल्लागार पुरवून आपला हिशेब चुकता करतात. आपल्या मराठीत यासाठी साधा वाक्प्रचार आहे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं.

कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण अशी बंदूक एका मराठी खांद्यावरही ठेवली गेली होती, हे ठाऊक आहे का? आज त्यासाठी जाऊया तमिळनाडूत, तंजावूरच्या राजवाड्यात.

कावेरीकाठचे भोसले

हा राजवाडा नायक राजांनी उभारला आणि पुढे मराठ्यांनी वाढवला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतलं. त्यांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत टिकली. आज राजवाड्याच्या आवारात फिरताना दरबार हॉल दिसतो, उंच मनोरे दिसतात आणि सरस्वती महाल ग्रंथालय लागतं. तिथे तमिळ, तेलुगू, संस्कृत ग्रंथांच्या शेजारी मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदही आहेत.

राज्य लहान होतं, पण कावेरीच्या पाण्यावर पिकणारं, भाताचं कोठार म्हणावं असं. शिवाय समुद्र जवळ. म्हणजे ज्याला फौज पोसायची आहे आणि जहाजं लावायची आहेत, त्याची नजर इथे पडणारच.

कागदावर शांतता, शेतात तोफा

१७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचं मद्रास जिंकलं. १७४८ मध्ये युरोपात तह झाला आणि मद्रास इंग्रजांना परत द्यायचं ठरलं. कागदोपत्री दोन्ही देशांत शांतता झाली. पण दोन्हीकडच्या व्यापारी कंपन्यांच्या छावण्यांत सैनिक तर बसून होते. त्यांना पगार द्यावाच लागणार. मग उपाय निघाला, ते सैनिक इथल्या भांडणांत भाड्याने द्यायचे आणि मोबदल्यात पैसा, बंदर, गावं घ्यायची.

भांडणांना तोटा नव्हताच. अर्काटच्या नबाबीवर दोन दावेदार होते. एक चंदासाहेब, जो मराठ्यांच्या कैदेत साताऱ्याला राहून १७४८ मध्ये सुटला होता. त्याच्या पाठीशी पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले. दुसरा महंमद अली, त्याच्या पाठीशी इंग्रज. लंडन आणि पॅरिसमध्ये तह शाबूत, आणि इथे मात्र दोघांचे सैनिक समोरासमोर! कारण अधिकृतपणे ते ‘आपलं’ युद्ध लढतच नव्हते. ते फक्त मित्राला मदत करत होते. आजच्या बातम्यांतली भाषा आठवली ना?

देवीकोट्टैचा सौदा

तंजावूरच्या गादीवर १७३९ पासून प्रतापसिंह होते. त्याआधी राज्य केलेले शहाजी पदच्युत झाले होते आणि गादी परत मिळवण्यासाठी त्यांनी इंग्रजांचं दार ठोठावलं. इंग्रज मदतीला तयार झाले. बदल्यात त्यांना कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळचा देवीकोट्टैचा किल्ला हवा होता.

१७४९ मध्ये इंग्रजांची फौज निघाली. पहिली मोहीम फसली, दुसऱ्या खेपेला किल्ला पडला. आणि मग काय झालं असेल? इंग्रजांनी प्रतापसिंहांशीच तह केला! किल्ला इंग्रजांना, गादी प्रतापसिंहांना, आणि ज्यांच्या नावाने ही सगळी मोहीम निघाली त्या शहाजींना फक्त नेमणूक. न्याय्य वारसाचा प्रश्न किल्ला मिळताच संपला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस चंदासाहेब आणि फ्रेंच तंजावूरच्या तटाखाली येऊन बसले. त्यांना हवी होती खंडणी. प्रतापसिंहांनी बोलणी लांबवली, निरोप पाठवले, घासाघीस केली आणि शेवटी ७० लाख रुपये कबूल केले. तेवढ्यात हैदराबादचा नासिरजंग मोठी फौज घेऊन येतोय म्हटल्यावर वेढा उठला. बहुतेक पैसे द्यायचे राहूनच गेले.

पण कागद राहिला. चंदासाहेब १७५२ मध्ये तंजावूरचे सेनापती मानोजी यांच्या हाती सापडला आणि मारला गेला. तरी १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली तोच जुना कागद काढून ५६ लाखांच्या वसुलीला तंजावूरवर चालून आला. दारूगोळा संपत आला, समुद्रात इंग्रजी आरमार घिरट्या घालत होतं, म्हणून लालीला रिकाम्या हाताने परतावं लागलं.

प्रतापसिंहांची अवस्था म्हणजे ‘भीक नको, पण कुत्रा आवर’. एकाला थोपवायचं तर दुसऱ्याला बोलवावं लागे, आणि बोलावलेला पाहुणा घरी जायचं नाव घेत नसे. तरीही २४ वर्षं त्यांनी राज्य राखलं, ही छोटी गोष्ट नाही.

जिंकलेल्या मित्राचं बिल

१७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला. त्यात युरोपातल्या राजांनी ठरवलं की अर्काटचा नबाब महंमद अली. गंमत बघा, कावेरीकाठच्या माणसांचा नबाब कोण, हे सीन नदीच्या काठी लिहिलं गेलं.

तुम्हाला वाटेल, इंग्रजांची बाजू जिंकली म्हणजे तंजावूरचे वाईट दिवस संपले. खरं संकट इथूनच सुरू झालं. नबाब कंपनीचा आणि तिच्या नोकरांचाही गळ्यापर्यंत कर्जदार होता. कर्ज फेडायला पैसा हवा, आणि पैसा होता शेजारच्या सुपीक तंजावूरमध्ये. थकलेल्या खंडणीचं कारण पुढे करून १७७१ मध्ये कंपनीच्या फौजेने नबाबासाठी तंजावूरला वेढा घातला, आणि १७७३ मध्ये राज्यच घेतलं. राजे तुळजाजी कैद झाले.

१७७६ मध्ये गव्हर्नर पिगॉट यांनी लंडनच्या आदेशाने तुळजाजींना गादी परत दिली. त्यावर नबाबाचे सावकार खवळले. पॉल बेनफिल्ड नावाच्या कंपनीच्या नोकराने तर तंजावूरच्या महसुलावरच हक्क सांगितला. हा वाद इतका पेटला की पिगॉटना त्यांच्याच कौन्सिलने अटक केली, आणि १७७७ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला.

पुढे १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा वाटा एवढंच उरलं. कारभार कंपनीचा. १८५५ मध्ये वारस नाही म्हणून तेही गेलं.

मग विचारसरणीचं काय?

शीतयुद्धात अमेरिकेच्या हातात लोकशाही आणि भांडवलशाहीचा झेंडा होता, सोव्हिएत संघाच्या हातात समाजवादाचा. १७४९ मध्ये असा झेंडा नव्हता, सरळ व्यापार होता. पण सरफोजीराजांच्या काळापर्यंत फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेली होती आणि युरोपातलं भांडण राजेशाही टिकणार की नाही यावरही आलं होतं. त्याचा एक पुरावा पट्टुकोट्टैजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर आजही उभा आहे. त्याचं नाव मनोरा. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ हा बहुमजली बुरूज बांधला सरफोजीराजांनी! ज्यांनी राज्य घेतलं, त्यांच्या हजारो मैल दूरच्या विजयाचं स्मारक.

हसू नका हं. आश्रित राजाला असे खर्च करावेच लागतात. त्याच सरफोजींनी सत्ता गेल्यावर उरलेल्या पैशातून पुस्तकं जमवली, सरस्वती महाल वाढवला, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत शिळेवर कोरून घेतला. तलवार चालणार नव्हती, निदान नाव तरी राहावं.

१९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, त्यात भारत पुढे होता. दोन्ही गटांशी बोलायचं, पण कोणाच्या छावणीत जायचं नाही. प्रतापसिंहांनीही काहीसं तेच करून पाहिलं होतं, फक्त ते एकटे होते. सोबतीला तसाच विचार करणारे शेजारी असते, तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याशा युद्धाची बातमी आली की कोण बरोबर, कोण चूक हे विचाराच, पण त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारा. सैनिकांचा पगार कोण देतंय? बदल्यात कोणतं बंदर, कोणती खाण लिहून घेतली जातेय? आणि युद्ध थांबल्यावर कर्ज कोणाच्या शेतातून फिटणार आहे? घरात मुलं असतील तर नकाशा उघडून त्यांना तंजावूर आणि शेजारचं कराईकल शोधायला सांगा. चारी बाजूंनी तमिळ मुलूख आणि समुद्र, तरी कराईकल आज पुदुच्चेरीत का मोजलं जातं, याचं उत्तर त्यांना या गोष्टीतच सापडेल.

भेटूया पुढच्या भागात!