छद्मचरांचा सुळसुळाट
ल्युपसमध्ये शत्रू बाहेरचा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वकीयांवर उलटते. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. अशी भगिनी पर्याय शोधते, यात तिचा दोष कोणता? दोष आहे तो तिला ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ चूर्ण विकणाऱ्या महाभागांचा. वर उपदेश, ‘गोळ्या आजच बंद करा!’ दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी तोडले तर प्राणांवर बेतते. आजार उफाळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे भय निराळेच. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ल्युपसचे नाव स्पष्ट आहे. चरकसंहितेने तर असल्या तोतया वैद्यांना ‘छद्मचर’च म्हटले. आणि त्यांची पत्रके हळदीकुंकवाच्या समारंभात वाटतो कोण? आयुर्वेदाचे अभिमानी म्हणवणारे आपणच!